राखेवरचं सारवण

मु. देवपाडा, धसईजवळ
१४ नोव्हेंबर १९९८

धोंडी,

दादाला घातलेलं कार्ड पोचलं. सात ओळी. मी मोजल्या. चांद्या बैलाचा खूर बरा झाला का, ही एक. भात झोडून झालं का, ही दुसरी. मग शेजारच्या धाऊचा खोकला. धाऊचा खोकला! ज्या माणसाने जन्मात तुला एक पेरू दिला नाय, त्याचा खोकला तुला तिकडे वापीत बसून आठवतो. आणि वहिनी जिती आहे का मेली, ते विचारायला जागा उरली नाय. खाली दोन बोटं कोरी होती. मी बघितली.

दादा बोलले, "असूदे गो, पोरगं आहे." पस्तीस वर्षांचं पोरगं! मी सोळाची या घरात आले तेव्हा तू सहाचा होतास. तुला भावजी म्हणायचं असं सासूबाईंनी शिकवलं होतं. मी म्हटलं पण, "भावजी, जेवायला चला." तू चड्डी धरून असा पळालास की मला हसू आवरेना. तेव्हापासून धोंडीच. तुझी नाकं मी पुसलीत, गोवरात सात दिवस मांडीवर घेऊन बसलेय. म्हणून या पत्रात मी तुला शिव्या देणार आणि तू त्या वाचणार.

मागच्या तारखेला कोर्टात आलास. कल्याण ते घर जीपने दोन तास. तू तिथेच वडापाव खाऊन उलटा वापीला गेलास. त्याआधी एकदा मी दादांसोबत आले तर मला बघून पायऱ्या उतरून चालता झालास. आठ महिने आत होतास, ते माझ्यामुळे असं तुला वाटतं. वाटूदे. पण एकदा माझ्या बाजूने ऐक.

शहापूरची ती प्रियांका शाळेच्या फाटकातून मंगळवारी नेली. मुंबईच्या पेपरात तीन दिवस तिचा फोटो. पाच वर्षांची पोर, दोन शेंड्या, पुढचा दात पडलेला. गावात दुसरं बोलणं नव्हतं. त्याच मंगळवारी जीप कुंडलिककडे होती. तुम्ही दोघे आळीपाळीने चालवायचात, म्हणून गोठ्याची किल्ली पण जीपलाच लटकलेली असायची. गुरुवारी दुपारी आपला पेंढा संपला म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीने तुझा गोठा उघडला. आत पेंढ्यात काहीतरी हललं. मला वाटलं कुत्री व्याली. बघते तर पोर. डोळ्यांवर फडकं, अंगावर मुतलेला फ्रॉक.

मी काय करणार होते? फडकं सोडलं. घरी आणून गरम पाण्याने आंघोळ घातली, केस विंचरले, फ्रॉक धुऊन दोरीवर टाकला, माझ्या पोलक्यात गुंडाळून पेज भरवली. मग पोलिसांना बोलवायला दादांना पाठवलं. पोर मला सोडेना, म्हणून रात्री माझ्यापाशीच राहिली. नंतर सगळे माझ्यावर ओरडले, आधी पोलीस बोलवायचे होते म्हणून. त्यांच्या घरात पोरं नसावीत.

आणि सारवणाचं. गोठ्याच्या पडवीत मंगळवारच्या ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. गोजर हवालदार बोलला, "बाई, ह्याला हात लावू नको. उद्या साहेब आणि मुंबईचे तपासणीवाले येतील." वर घमेलं पालथं घातलं आणि तिथेच बसून तंबाखू थुंकत राहिला. सकाळी तो चहाला गेला तेव्हा मी ती थुंकी बघितली. एवढी मोठी माणसं येणार, पाव्हणेच ते, आणि पडवी अशी? मी सारवली. कोणतीही बाई सारवेल. चूक झाली, मी कुठे नाय म्हणते?

पण म्हणून दोन वर्षं बोलायचं नाय?

गोठ्याचं सील आठ दिवसांपूर्वी काढलं. छप्पर नीट आहे. आत उंदीर.

भिमी

―

२९ नोव्हेंबर १९९८

धोंडी,

उत्तर नाय. बरं.

धसईच्या बाजारात तुझी शकू भेटली. तिच्या आईने दुसरीकडे बघितलं, शकूने नाय बघितलं. "भिमाकाकी, तिकडे थंडी असते का?" एवढंच विचारलं. मी बोलले, "मला काय माहीत, मला कार्ड येत नाय." तिचं लग्न अजून ठरलेलं नाय. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाय.

भिमी

―

१३ डिसेंबर १९९८

धोंडी,

आता पत्र फाडू नको. बसून वाच.

परवा राहीला घेऊन तुझा गोठा झाडायला गेले. राही म्हणजे वरच्या वाडीतली, आपल्याकडे लावणीला येते ती, कमळूची बायको. पावणेदोन वर्षं बंद गोठा, पडवीचं सारवण सगळं फुगलं होतं. चालताना पायाखाली पापडासारखं वाजत होतं. मी खराटा मारला तर एक हातभर पापुद्रा अख्खा सुटून उलटा पडला.

राही बोलली, "भिमाबाय, पाय बघ!"

त्या पापुद्र्याच्या खालच्या अंगाला पाऊल होतं. खड्डा नाय, उठावाचं. ओल्या पिठात वाटी दाबावी आणि वर दुसरं पीठ ओतून ते सोडवून घ्यावं, तसं. टायरच्या चपलेच्या रेषा, टाच, सगळं.

हे झालं कसं ते मला तिथेच कळलं. त्या सकाळी हवालदाराच्या थुंकीवर मी चुलीतली राख टाकली होती. थुंकीवर राख टाकतोच आपण. राख टाकली तर मग ती झाडून घ्यायची आणि पाणी शिंपडून सारवायचं, नायतर वरचं शेण खालच्याला धरत नाय, हे पोरींना पण ठाऊक असतं. मी झाडली नाय. तशीच राखेवर सारवत गेले. त्या पावलांच्या खड्ड्यात पण राख गेली, वर माझा शेणमातीचा गारा गेला. वाळला. दर आठवड्याला सारवण झालं असतं तर काय राहिलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सील मारलं.

सासूबाई असत्या तर त्या सारवणावरून मला घराबाहेर काढलं असतं. पंचवीस वर्षांत असं कच्चं सारवण मी केलं नव्हतं.

सुपात पेंढा घातला, त्यावर पापुद्रा, त्यावर दादांचं धोतर, आणि धसईवरून एसटीत बसले. सूप मांडीवर. कंडक्टर बोलला, "मावशी, सुपात काय?"

"पाऊल."

"कोणाचं?"

"तेच विचारायला चाललेय. तू तिकीट फाड."

मुरबाडपर्यंत ड्रायव्हरला मी चार वेळा सांगितलं, खड्डे बघून चालव रे. चौथ्या वेळी तो बोलला, "आजी, तुमीच या इकडे बसायला." आजी! माझा एक केस पिकला नाय.

चौकीत गोजर हवालदारच बसलेला. मी धोतर काढलं. त्याने वाकून बघितलं. मग दुसऱ्याला बोलला, "हीच ती बाई. आधी पुसलं, आता घेऊन आली." सगळे हसले. मी बोलले, "हसून झालं की वर साहेबाला बोलवा. मला पाचची एसटी आहे." साहेब आले. ते नाय हसले. त्यांनी मला खुर्ची दिली.

कुंडलिकने कोर्टात काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. पोरगी धोंडीने आणली, मी त्या गोठ्याच्या पडवीला पाय लावला नाय. पोरीच्या डोळ्यांवर फडकं, ती सांगते फक्त "काका होता." म्हणजे त्याच्या तोंडाविरुद्ध तुझं तोंड. आता तिसरं काहीतरी सुपात आलंय.

तुमच्या दोघांच्या टायरच्या चपला म्हसा गावच्या जत्रेत एकाच माणसाकडून घेतलेल्या. त्या दोन्ही पोलिसांकडे जप्त आहेत. देवाला काय सांगायचं ते मी सांगितलंय.

चांद्याचा खूर बरा आहे. तूच विचारलेलंस.

भिमी

―

२४ जानेवारी १९९९

धोंडी,

कार्ड आलं. दादांच्या नावाने. "पापुद्र्याचं काय झालं?" माझंच पत्र वाचून दादांना विचारतोस. एका घरात दोन माणसं राहतात, तुला माहीत आहे ना? असो. निदान फाडलं नाय.

मुंबईहून तपासणीच्या बाई आल्या होत्या. अनिताबाई. वय तीस-बत्तीस, पायात बूट, केस पोरासारखे कापलेले. मला वाटलं ही काय करणार. तिने तीन दिवसांत गोठ्याची पडवी इंच-इंच बघितली, कुंचल्याने, हातात भिंग. भाकरी मात्र आपल्या घरची खाल्ली, नाय म्हणाली नाय. सुकट पण खाल्लं.

पहिल्या दिवशी तिने मला सगळं विचारलं. आंघोळ, केस, फ्रॉक. लिहिता लिहिता थांबली. "मावशी, मुलीच्या फ्रॉकवर नेणाऱ्याच्या अंगावरचं काहीतरी असणार होतं. केस, धूळ, घाम. तुम्ही सगळा पुरावा धुऊन दोरीवर वाळत घातलात."

मी बोलले, "मुतलेलं होतं गो ते."

तिने पेन खाली ठेवलं आणि हसली. मग बोलली, "माझ्या आईने पण हेच केलं असतं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता मला करून दाखवा. तेव्हा जसं सारवलंत तसंच. तोच गारा, तेवढीच राख, तेवढीच घाई." पडवीच्या दुसऱ्या टोकाला तिने आधीच ओल्या सारवणावर दोन चपला उठवून वाळवून ठेवल्या होत्या. एकावर मी राख टाकून सारवलं, दुसऱ्यावर राख न टाकता. मला घाई जमेना. सकाळची वेळ, पोट भरलेलं, कसली घाई करू? ती सारखी म्हणे, "मावशी, हळू नको." शेवटी मी तो दिवस आठवला. मग हात आपोआप सुटला.

आठ दिवसांनी परत आली. राखेवरचं उचललं तर अख्खं सुटलं, खाली पाऊल उठून आलेलं. बिनराखेचं सुटेचना, भुगा झाला. तिने फोटो काढले, मापं घेतली, लिहिलं. अंगठ्यासाठी तिने शाई पुढे केली तर तिला म्हटलं, मला सही येते. दुसरीपर्यंत गेलेय मी.

मग तिने एक विचारलं. चहा पिता पिता, सहज विचारावं तसं.

"राख थुंकीवर टाकली. बरोबर. सारवलं कशासाठी?"

"पाव्हणे यायचे होते."

"घमेल्याखाली तर थुंकी नव्हती. घमेलं का उचललंत?"

मी कपबशी धुवायला उठले. जाताना माझ्या पाया पडली. एवढी शिकलेली बाई, आणि माझ्या. मला फार वाईट वाटलं.

तू पण काय विचारू नको. थांब जरा.

भिमी

―

१७ फेब्रुवारी १९९९

धोंडी,

तुझा वकील काल घरी आला होता. रिपोर्ट आला. पापुद्र्यावरचं पाऊल कुंडलिकच्या चपलेचं आहे. त्याच्या टाचेला तीन खिळे मारलेले, त्यातला एक वाकडा. तिन्ही जसेच्या तसे उठलेत, वाकडा वाकड्यासारखा. तुझ्या चपलेला खिळाच नाय. आणि पाऊल आत जाणारं, खोल, म्हणजे हातात ओझं होतं. ओझं म्हणजे प्रियांका. दादा हे ऐकून गोठ्यात गेले आणि बैलापाशी उभे राहून रडले. मला वाटलं बैलाला काय झालं.

सोमवारी ८ मार्चला तारीख आहे. त्या दिवशी मला उभं करणार.

वकील बोलला, पापुद्रा कसा झाला हे सांगणारी दुनियेत मी एकटी आहे. समोरचा वकील म्हणणार, बाईने दिराला सोडवायला नंतर घरी बनवला. म्हणून मला विचारणार, सारवलं का? आणि पाव्हण्यांची गोष्ट तिथे चालणार नाय. गोजर हवालदार सांगणार की मी बजावलं होतं, वर घमेलं होतं. "भिमाबाई, एक खोटं पकडलं गेलं की तुमचा पापुद्रा पण खोटा. खरं काय असेल ते मला आज सांगा." दादा मध्येच बोलले, "पाव्हण्यांसाठीच सारवलं. तसंच सांग गो." त्यांना माहीत आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी वकिलाला बोलले, आधी दुसऱ्या एकाला सांगायचंय, मग तुमाला.

तर ऐक. त्या सकाळी मी थुंकीवर राख टाकायला गेले. तेवढ्यासाठीच. मग घमेलं उचलून बघितलं. टायरच्या रेषा दिसल्या. त्या रेषा मला पाठ होत्या. जत्रेपासून रोज सकाळी आपल्या अंगणात त्याच असायच्या, मी रोज झाडायचे. किल्ली तुझ्या जीपला, गोठा तुझा, पाऊल तुझं. मला वाटलं, हे तूच केलंस.

मी टाच बघितली नाय. खिळे तिथेच होते, वीतभर अंतरावर. जरा वाकून बघितलं असतं तर हे सगळं झालं नसतं. मी वाकले नाय, कारण मला भीती होती की अजून काय दिसेल. हातात राखेचा डबा होता तो सगळा वर ओतला. घरातून शेण आणलं आणि पुसून टाकलं. शहापूरच्या त्या आईचा विचार मनात आला नाय. पोरीचा पण नाय, आणि रात्रभर ती माझ्या कुशीत झोपलेली. एवढंच डोक्यात होतं की तुला नेता कामा नये.

आणि मग दहा वाजता तुला घेऊन आले. हाताला दोरी. चौकीत तू एकच गोष्ट सांगत बसला होतास, पावलं मोजा, ती माझी नायत, पावलं मोजा. साहेब म्हणाले चल दाखव. तू पडवीकडे बघितलंस. ओलं शेण. मग माझ्या हाताकडे बघितलंस, कोपरापर्यंत भरलेल्या.

"वहिनी, कशाला गो?"

मी सगळ्यांदेखत बोलले, पाव्हणे यायचे होते.

तुला तेव्हाच कळलं. आठ महिने आत राहिल्याचा राग तुझ्या मनात नाय, मला माहीत आहे. तू तसा नायस. गोवरात मांडीवर घेतलेलं पोर काय आहे ते जिला सगळ्यांच्या आधी माहीत असायला हवं होतं, तिनेच सगळ्यांच्या आधी मानलं की तो पोरी पळवतो. हा राग आहे. बरोबर आहे. तो राग मी तुझ्या जागी असते तर मेल्यावर पण सोडला नसता. पण मी फार वाईट स्वभावाची आहे आणि तू नायस.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की वेड्या मायेने केलं. माया होतीच. पण भरवसा असता तर घमेलं होतं तसं ठेवलं असतं आणि दारात पाय पसरून बसले असते, कोणाला हात लावू दिला नसता. तेवढं माझ्याकडून झालं नाय, धोंडी. माझं चुकलं. ही दोन अक्षरं लिहायला मला चार पत्रं लागली आणि एक कपबशी फुटली.

आता ८ तारखेला हे मी कोर्टात उभं राहून सांगणार आहे. गाव येईल, शकूची आई येईल, कुंडलिकची बायको येईल. वकील बोलला, पुरावा पुसला म्हणून माझ्यावर पण केस होऊ शकते. होऊदे. तू आठ महिने काढलेस, मी पण काढीन. मागे घरात स्वयंपाक कोण करणार, ते तेवढं दादांना विचारून ठेव, त्यांना चहा पण येत नाय.

मला एवढंच पायजे की तू हे तिथे पहिल्यांदा ऐकू नको. आणि तू पायऱ्या उतरून जाऊ नको.

रविवारी ७ तारखेला घरी ये. कोर्टाच्या दारात भेटायचं नाय, घरी. सोमवारी सकाळी आपण तिघं एका एसटीने जाऊ, मुरबाडला उतरून पुढे जीप. लोकांनी बघूदे की तू माझ्या शेजारी बसलायस. बोलला नाय वाटेत तरी चालेल. खिडकी तू घे.

होळीच्या आत मला उत्तर पायजे. म्हणजे सोमवार, १ मार्च. येत नसशील तर "येत नाय" असं लिही, पण तुझ्या हाताने लिही. एक तारखेनंतर मी पोस्टमनची वाट बघणार नाय. बघेन, पण तुला सांगणार नाय.

भिमी